चाळीस तरुणांचा डाळभात: इंग्लंडमधल्या चर्चच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांसाठी

फोडणीतली मोहरी, चटणीतले तीळ आणि कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट. घरी यांच्यावाचून आपलं पान हलत नाही. इंग्लंडमध्ये चार लोकांना खाऊ घालायला उभं राहिलात की कळतं, ही तिन्ही नावं कायद्याने ठरवलेल्या १४ ॲलर्जींच्या यादीत आहेत. हिंग यादीत नाही, पण डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं आणि गहू यादीत आहेच. म्हणजे आईने शिकवलेली साधी फोडणी दिली, तरी यादीतल्या दोन गोष्टी ताटात गेल्या.

मी नगरची. चर्चच्या आवारात प्रीतिभोजनाच्या पंगती वाढतच मोठी झाले. त्यामुळे लीड्समधल्या आमच्या चर्चच्या मंडळीने ‘रविवारी संध्याकाळी उपासनेनंतर विद्यापीठातल्या मुलांसाठी स्वयंपाक कराल का’ असं विचारलं, तेव्हा चाळीस म्हणजे काय मोठंसं, असं मनात आलं. पहिल्या रविवारी डाळ खाली लागली. दुसऱ्या रविवारी फोडणीत लाल मिरच्या टाकल्या आणि आत प्रार्थना चालू असताना धुराचा अलार्म वाजला. सगळी मंडळी पावसात बाहेर. तिसऱ्या रविवारी आठ मुलं ताट घेऊन उभी आणि त्यांना चालेल असं माझ्याकडे काहीच नाही. त्या आठांमुळे जे शिकले ते आधी सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे.

एकच स्वयंपाक, सगळ्यांना चालणारा

आमच्या हॉलमध्ये नायजेरियाची, चीनची, इराणची, केरळची मुलं येतात. यॉर्कशायरच्या खेड्यातून पहिल्यांदा घर सोडून आलेली येतात, आणि दोन-चार मराठीही असतात. कोणी हलाल खाणारं, कोणी व्हीगन, कोणाला गव्हाचं चालत नाही, कोणाला दूध. पहिला विचार असा येतो की मुख्य पदार्थ चिकनचा करू आणि ‘त्या लोकांसाठी’ बाजूला छोटं पातेलं ठेवू. हे करू नका. छोटं पातेलं नेहमी आधी संपतं, कारण चिकन खाणारेही त्यातलं घेतात. ज्याच्यासाठी ते केलं त्याच्या वाट्याला कोरडा भात उरतो. शिवाय घर सोडून आठच दिवस झालेल्या मुलाला सगळ्यांसमोर ‘माझं वेगळं आहे’ म्हणायला लावणं मला पटत नाही.

म्हणून मुख्य पातेलं असं ठेवायचं की त्यात यादीतलं काहीच नाही, मांस नाही, दूध नाही. ज्याला जे वर हवं ते बाजूच्या टेबलावर: लोणी, किसलेलं चीज, उकडलेली अंडी, तिखट. प्रत्येक वाटीला तिचा चमचा आणि समोर नावाची पट्टी. वेगळं होतं ते वरचं, पातेलं नाही.

यादी पाठ असू द्या: ग्लुटेन असलेली धान्यं (गहू, राय, जव, ओट), दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्याच्या जातीचं कवचवालं, शिंपल्या-कालवांच्या जातीचं, शेंगदाणे, बदाम-काजूसारखा सुकामेवा, तीळ, सोया, मोहरी, सेलरी, ल्युपिन नावाची एक शेंग, आणि सल्फाइट, म्हणजे पदार्थ टिकावा म्हणून घालतात ते रसायन. सेलरी घरात नाही म्हणून निर्धास्त राहू नका, ती सूपला चव आणणाऱ्या स्टॉकच्या वड्यांत लपलेली असते. सल्फाइट सुक्या जर्दाळूत सापडतात. मसाले सुटे न घेता छापील पाकिटातले घ्या आणि मागचा मजकूर वाचा. ‘मोहरीचे किंवा सुक्यामेव्याचे अंश असू शकतात’ ही ओळ बऱ्याच पाकिटांवर असते. पाकिटं जेवण संपेपर्यंत फेकायची नाहीत. कोणी विचारलं तर ‘नसावं बहुतेक’ हे उत्तर चालत नाही, पाकीट हातात द्यायचं.

तिळाकडे इथले लोक इतक्या गंभीरपणे का बघतात, हे मला सुरुवातीला कळलं नव्हतं. २०१६ साली नताशा एडनन-लापरूस ही १५ वर्षांची मुलगी विमानतळावर घेतलेल्या सँडविचच्या पावात भाजलेल्या तिळांमुळे गेली. वेष्टनावर तिळांचा उल्लेख नव्हता. तिच्या नावाने ओळखला जाणारा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. जागेवरच आधी पॅक करून विकायला ठेवलेल्या पदार्थावर सगळे घटक लिहावे लागतात. आपण पातेल्यातून वाढतो, पण मुलांना हे नाव माहीत असतं. ती प्रश्न विचारतात ते संशयाने नाही.

पातेल्याच्या आधीची कामं

पाळकांना किंवा हॉल सांभाळणाऱ्यांना दोन गोष्टी विचारा. एक, मंडळीची अन्नासाठी स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी झाली आहे का? वर्षातून एकदा केक-चहा असेल तर प्रश्न येत नाही. दर आठवड्याला ठरवून जेवण देणार असाल तर नोंदणी लागू शकते. ती फुकट होते, फक्त सुरू करायच्या २८ दिवस आधी करायची असते. दोन, येणारी मुलं १८ च्या आतली आहेत का? तसं असेल तर मदत करणाऱ्यांच्या पोलीस-नोंदीची तपासणी आणि मंडळीचे मुलांच्या सुरक्षिततेचे नियम आधी. कोणा एका मुलासोबत स्वयंपाकघरात एकट्याने थांबायचं नाही. अन्नस्वच्छतेचा ‘लेव्हल टू’ कोर्स ऑनलाइन दोन-तीन तासांत होतो. सक्ती नाही, पण कराच.

मग स्वयंपाकघर बघायला एकदा रिकाम्या वेळी जा. चर्चच्या स्वयंपाकघरात निम्म्या कपाटांवर चिठ्ठ्या असतात: ‘हे मदर्स युनियनचं, हात लावू नये’, ‘हे कप फक्त अंत्यसंस्कारानंतरच्या चहासाठी’. चिठ्ठ्या पाळा. या कपाटांवरून रुसवेफुगवे होतात, आणि ते बरेच टिकतात.

बघायचं ते असं: ओव्हन किती आणि केवढे, सर्वांत मोठं पातेलं केवढं, फ्रिजमध्ये रिकामी जागा किती, आगीवर टाकायचं ब्लँकेट कुठे, आणि पाणी उकळायची उभी टाकी, जिला इथे अर्न म्हणतात, ती चालते का. गॅस पेटत नसेल तर सिलिंडर शोधू नका. बऱ्याच ठिकाणी धूर खेचणारा पंखा लावल्याशिवाय गॅस सुटतच नाही, तशीच जोडणी असते. माझी पहिली वीस मिनिटं त्यातच गेली होती. धुराचा अलार्म स्वयंपाकघराला लागून असेल तर तेही पाहून ठेवा, का ते वर सांगितलंच.

भाजी चिरायच्या फळ्या रंगीत असतात: कच्च्या मांसाची लाल, मासळीची निळी, कच्च्या भाज्यांची तपकिरी, कोशिंबीर-फळांची हिरवी. आपण मांस आणणारच नाही, तरी लाल फळीवर कांदा चिरू नका. काल त्यावर काय चिरलं होतं ते तुम्हाला माहीत नाही.

चाळीस जणांचं माप

घरच्या चौघांच्या मापाला सरळ दहाने गुणलं की फसगत होते. मोठ्या पातेल्यात पाण्याची वाफ त्या मानाने कमी जाते, म्हणून पाणी आठ-साडेआठ पटच लागतं. मसाले सात-आठ पट, तिखट फार तर पाच पट. मीठ गुणाकाराने टाकूच नका, चाखत टाका. मी अशी खरेदी करते:

डाळ: मसूर डाळ अडीच किलो, कांदे २ किलो, टोमॅटोचे ४०० ग्रॅमचे ६ डबे, आलं आणि लसूण प्रत्येकी १५० ग्रॅम, हळद २५ ग्रॅम, जिरं ६० ग्रॅम, धनेपूड ६० ग्रॅम, तेल ३०० मिली, कोथिंबिरीच्या ४ मोठ्या जुड्या. पाणी ९ लिटर, वर लागलं तर एखादा लिटर.

भात: बासमती साडेतीन किलो.

कोशिंबीर: कोबीचे ३ मध्यम गड्डे, दीड किलो गाजर, ८ लिंबं.

शेवटी फळं: सफरचंद आणि केळी, माणशी एक. गोड करायच्या भानगडीत पडू नका; कोणी ना कोणी आजी केक घेऊन येतेच. तिच्याकडून त्यातले घटक लिहून घ्या.

मसूरच का? ती भिजवावी लागत नाही, पाऊण तासात शिजते, सुपरमार्केटात ‘रेड लेंटिल्स’ नावाने कुठेही मिळते, आणि डाळ कधी न खाल्लेल्या यॉर्कशायरच्या मुलालाही ती सूपसारखी ओळखीची वाटते. तूरडाळीवर माझं प्रेम असलं तरी कुकरशिवाय चाळीस जणांची तूर शिजवत बसायचं धाडस मी करत नाही. तांदूळ आणि डाळ लीड्सच्या हेअरहिल्स भागातल्या दुकानांतून मोठ्या पोत्यांत घेतलेली स्वस्त पडते. भाजीला मी कर्कगेट मार्केटमध्ये जाते. मायकेल मार्क्सने १८८४ साली तिथेच एक पेनीचं दुकान मांडलं होतं, त्याचं पुढे मार्क्स अँड स्पेन्सर झालं. शनिवारी दुपारी उशिरा गेलात तर कोबीवाला भाव न विचारताच एक गड्डा जास्त टाकतो. सगळं मिळून डोई पौंडाच्या आसपास बसतं.

शनिवारी रात्री कांदा चिरून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवता येतो. कोबी मात्र रविवारीच.

रविवारची संध्याकाळ, घड्याळाप्रमाणे

आमची उपासना साडेसहाला, जेवण पावणेआठला. मदतीला चौघं असली तर बरं, दोघं असली तरी होतं.

साडेचार. हात धुवा, ॲप्रन, केस बांधा. पोट बिघडलेलं कोणी मदतीला आलं असेल तर प्रेमाने घरी पाठवा; जुलाब-उलट्या थांबून ४८ तास झाल्याशिवाय स्वयंपाकघरात नको. अर्न भरून चालू करा. २० लिटर पाण्याला उकळायला पाऊण तास लागतो, आणि सगळी संध्याकाळ त्या पाण्यावर चालते. घरगुती शेगडीवर ९ लिटर थंड पाणी तापवत बसलात तर जेवण नऊला. डाळ निवडा आणि तीन-चार पाण्यांतून धुवा.

पाच. डाळ एका राक्षसी पातेल्यात न करता १२ लिटरच्या दोन पातेल्यांत करा. भरलेलं २० लिटरचं पातेलं उचलताना पाठ जाते, आणि एक लागलं तरी दुसरं हाताशी राहतं. फोडणीपुरतं तेल बाजूला ठेवून बाकीचं दोन्हींत निम्मं-निम्मं घाला आणि कांदा टाका. एवढा कांदा घरच्यासारखा परतला जात नाही, आधी त्याला पाणी सुटतं. चिमूट-दोन चिमूट मीठ घालून मध्यम आचेवर २५ मिनिटं धीर धरा. कडा सोनेरी व्हायला लागल्या की आलं-लसूण, दोन मिनिटांनी हळद आणि धनेपूड. जिरं अजून नाही.

साडेपाच. डाळ आणि अर्नमधलं उकळतं पाणी. उकळी फुटली की फेस काढा आणि आच कमी करा. आता लांब दांड्याचा लाकडी डाव घेऊन एकाने पातेल्याशी उभं राहायचं. दर चार-पाच मिनिटांनी तळापासून ढवळायचं, वरवर नाही. डाळ घट्ट होत जाते तशी ती तळाला धरते, आणि ते कळतं वासाने, तेव्हा उशीर झालेला असतो. लागलीच तर खरवडू नका. आच बंद करा, वरची डाळ दुसऱ्या भांड्यात काढा, तळाशी आहे ते तिथेच राहू द्या. खरवडलंत की करपल्याची चव चाळीस ताटांत जाते. पहिल्या रविवारी मी नेमकं खरवडलं होतं.

टोमॅटो आधी घालायचा मोह होतो. आंबटपणाने डाळ शिजायला वेळ घेते, म्हणून ती पूर्ण मऊ झाल्यावरच, म्हणजे साधारण सव्वासहाला, डबे उघडा. दोन्ही पातेली मिळून १०० ग्रॅम मीठ घाला, दहा मिनिटं थांबा, चाखा. शेवटी १५० च्या आतबाहेर जाईल. चाखायला दर वेळी स्वच्छ चमचा. वाफेत उभं राहून आपली जीभ बधिर होते, म्हणून एकदा बाहेरून आलेल्या कोणालाही चाखायला द्या.

पावणेसात. ओव्हन १८० अंशांवर तापायला ठेवा. भात गॅसवर करायचा हट्ट मी सोडला तो दिवस भाग्याचा. चार खोलगट ट्रे घ्या. प्रत्येकात धुऊन निथळलेले तांदूळ (मोजताना ८७५ ग्रॅम), दीड लिटर उकळतं पाणी, ८-१० ग्रॅम मीठ, दोन चमचे तेल. वर ॲल्युमिनियमचं फॉइल दोन पदरी, कडा घट्ट दाबून. सातला ट्रे आत. ३५ मिनिटं उघडून बघायचं नाही. बाहेर काढून दहा मिनिटं तसेच ठेवायचे, मग काट्याने मोकळा करायचा. खाली लागत नाही, गिचका होत नाही, आणि फॉइलखाली तो वाढेपर्यंत गरम राहतो. घरगुती ओव्हनमध्ये ट्रे एकावर एक असतील तर अर्ध्यात वरचा-खालचा बदला.

भात आत असताना कोशिंबीर: कोबी बारीक चिरून, गाजर किसून, लिंबू, मीठ, कोथिंबीर. दाण्याचं कूट नाही, वरून मोहरीची फोडणी नाही. आमच्या मराठी पोरांनी पहिल्यांदा ती बघून तोंड वाकडं केलं. त्यांना म्हटलं, घरी या, कूट घालून देईन.

साडेसात. आता जिरं. उरलेल्या तेलाची फोडणी छोट्या कढल्यात, पंखा पूर्ण वेगावर, हॉलकडचं दार बंद. मिरची तेलात टाकायची नाही. तिखट वाटीत बाजूला. जिरं तडतडलं की डाळीत आणि लगेच झाकण. कोथिंबीर वर.

वाढताना आणि नंतर

गरम अन्न वाढेपर्यंत ६३ अंशांच्या वर हवं. सोळा-सतरा पौंडांचा थर्मामीटर हा या कामातला सर्वांत चांगला खर्च. शिजवताना मधोमध ७५ अंश दिसले की निश्चिंत.

पाळक प्रार्थना करतात, मग रांग. वाढायच्या खिडकीत स्वतः उभं राहू नका, मुलांना उभं करा. ज्याला कोणी ओळखत नाही त्याच्या हातात डाव दिला की पंधरा मिनिटांत त्याला चाळीस जण भेटतात. पहिलं वाढप बेताचं आणि ‘पुन्हा या’ असं ओरडून सांगायचं. तरुण मुलं पुन्हा येतातच. पहिलं ताट डोंगराएवढं वाढलं तर शेवटच्या दहांना पुरत नाही आणि कचऱ्याच्या डब्यात मात्र पडतं.

भात उरला तर काय, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारत नाही. सकाळी फोडणीचा भात होतो. इथे जपा. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजकोश शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की तो वाढून विष तयार करतो. पुन्हा तापवल्याने ते विष जात नाही. उरलेला भात पसरट ट्रेमध्ये उघडून तासाभरात थंड करून फ्रिजमध्ये जायला हवा आणि २४ तासांत संपायला हवा. वाढायच्या खिडकीत दीड तास पडलेला भात मी सरळ टाकते, जीव तुटला तरी. डाळीला तितकी भीती नाही. ती उथळ भांड्यांत ओतून दीड तासात थंड करा, तारखेची चिठ्ठी लावा, मुलांना डब्यात द्या.

दर रविवारी डाळच कशाला

हा प्रश्न तिसऱ्या महिन्यात येतो. भाजलेले बटाटे सोपे: माणशी २५०-३०० ग्रॅमचा एक, काट्याने टोचून २०० अंशांवर सव्वा ते दीड तास, वर डब्यातले बीन्स. पण एका घरगुती ओव्हनमध्ये चाळीस मावत नाहीत, त्यामुळे निम्मे शेजारच्या कोणाच्या घरी भाजायचे आणि टॉवेलात गुंडाळून आणायचे. छोले मी डब्यातलेच वापरते.

राजम्याचं मात्र ऐका. कोरडा राजमा आणलात तर रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, आणि नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळ उकळवा. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते उकळल्यानेच जातं. इथे मुलांना स्लो कुकरचं वेड आहे आणि त्यात ते तापमान येत नाही. डब्यातला राजमा शिजलेला असतो, तो बिनधोक.

पास्ता टाळते. चाळीस जणांच्या पास्त्याला लागणारं पाणी एका वेळी उकळत नाही, आणि गव्हाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पोहे सकाळच्या शिबिराला छान, दाण्यांशिवाय. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, बऱ्याच मंडळ्यांत फक्त सूप आणि पावाचं जेवण असतं आणि वाचलेले पैसे मदतकार्याला जातात. तेव्हा हीच मसूर डाळ थोडं जास्त पाणी घालून करायची. सुट्टी लागायच्या आधी एकदा ‘जेकब्ज जॉइन’ ठेवा. उत्तर इंग्लंडच्या चर्चमध्ये प्रत्येकाने एक-एक पदार्थ आणायच्या जेवणाला हेच नाव आहे. त्या दिवशी तुम्ही फक्त चिठ्ठ्या आणि पेनं ठेवा, पदार्थापुढे घटक लिहायला.

निघताना गॅस, ओव्हन, अर्न, पंखा या क्रमाने बंद. ओली फडकी पिशवीत घालून घरी धुवायला न्या, दुसऱ्याच्या कपाटातलं भांडं त्याच कपाटात. आणि फ्रिजच्या दाराला दोरीने एक वही बांधून ठेवा. आमच्या वहीतलं एक पान असं आहे: ‘१२ ऑक्टोबर. ४३ जण. भात पुरला, बरोबर. डाळ दोन लिटर उरली, पुढच्या वेळी कांदा तेवढाच, डाळ पाव किलो कमी. कोबी दोनच पुरे. नवीन मुलगी, तिला सोया चालत नाही, लोण्याऐवजी ठेवलेल्या मार्जरिनमध्ये सोया होतं, बदलणे. फॉइल संपलंय.’